पिनबॉलमधले मालक

दुपारी चारच्या सुमाराला कॅफेत पाय ठेवायला जागा नसे. कुणी खुर्चीवर चढलेलं, कुणी काउंटरला रेललेलं, आणि सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या जुन्या पिनबॉल मशीनवर. मशीनपुढे माझा साडू उभा. डोळे मिटलेले, दोन्ही तळवे काचेवर पसरलेले.

"मालक, आलात का?"

टण्ण!

मशीनमधली घंटा वाजली. गोळी जागच्या जागी, बटणांना कुणाचा हात नाही, आणि आकड्यांची पाटी दहानं पुढे सरकली. गर्दीतून एक मोठा सुस्कारा आला.

"एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही," साडू डोळे न उघडता म्हणाला. "शंका घेऊ नका, स्पंदनं नाजूक असतात. माणूस जातो, पण त्याची ऊर्जा तारांत राहते. वीज म्हणजे तरी काय? आत्म्याचीच धाकटी बहीण!"

मी दाराशी उभा राहून दात खात होतो. विजेला बहीणबिहीण नसते. तिला जायला आणि परत यायला वाट लागते, एवढंच. पण खरं सांगतो, मला राग आला होता तो खोटेपणाचा नव्हे. त्या सुस्काऱ्याचा. माझ्यासाठी असं कुणी कधी सुस्कारलं नव्हतं.

कारण ते मशीन जिवंत केलं होतं मी. कॅफेचे मालक वारल्यावर त्यांच्या बायकोनं, काकूंनीच मला बोलावलं होतं. "यांचा जीव होता हो त्यात. बारा वर्षं बंद पडलंय. बघता का?" मी तीन आठवडे त्या पेटीत डोकं घालून बसलो. गंजलेले संपर्क एकेक करून घासले, कुरतडलेल्या तारा बदलल्या, जळालेलं वेटोळं नव्यानं गुंडाळलं. दिवे लागले तेव्हा काकू रडल्या. एक खोड तेवढी उरली होती. शेजारचा फ्रिज थरथरत सुरू झाला की कधीकधी घंटा आपोआप वाजायची. "उद्या बघतो," म्हणून मी घरी गेलो.

त्याच दुपारी साडू कॉफी प्यायला आला. घंटा वाजली. त्यानं काचेवर हात ठेवला. आणि माझ्या तीन आठवड्यांवर पाणी पडलं.

आम्ही दोघं एकाच वर्कशॉपमध्ये विजेच्या मोटारींची वेटोळी गुंडाळायला शिकलो. तो बोलका, मी घुमा. त्याच्या हाताला गुण आहे असं गिऱ्हाइकं म्हणत, माझ्या हाताला ग्रीस आहे असं. लग्नंही सख्ख्या बहिणींशी झाली, त्यामुळे तुलना घरातच राहायला आली.

"भाऊजींचं काहीतरी वेगळंच आहे," एका रात्री जेवताना बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी भर गर्दीत ओरडलो, "थोतांड आहे सगळं! सर्किटमधला दोष आहे हा!" काच काढली, गोळी फिरते तो आतला फळा उचलून धरला, बोटानं ही तार हलव, ती तार हलव. घंटा काही वाजेना. साडू हाताची घडी घालून शांत उभा.

"मालक रुसले," तो हळूच म्हणाला. लोकांनी मला जवळजवळ बाहेरच काढलं.

"तुम्ही जळताय," घरी बायको म्हणाली. जळत होतोच.

कदाचित मी तिथंच सोडूनही दिलं असतं. पण दोन दिवसांनी विसरलेली पक्कड आणायला गेलो, तर काकूंनी मला चहा दिला आणि कप टेबलावर ठेवताना कडेच्या बाहेर सोडला. कप फुटला. त्यांना टेबलाची कड दिसलीच नव्हती. काउंटरवर डोळ्यांच्या थेंबांची बाटली होती, सील न फोडलेली.

"काकू, थेंब घालत नाही का?"

"नाही. यांना विचारलं ना मी. दोन ठोके दिले. तुमचे साडू म्हणतात, औषधानं स्पंदनं मंदावतात. ते रोज डोळ्यांवर हात धरतात माझ्या."

काकूंच्या डोळ्यांत दाब वाढायचा. थेंब थांबले की नजर कडेकडेनं जाते आणि गेलेली परत येत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर बजावलं होतं. काकूंसाठी मी घाबरलो. तरी मनाच्या एका कोपऱ्यात आनंदही झाला, की आता साडूला पाडायला कारण मिळालं. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं तसं सांगतोय.

"उद्या सकाळी मला एक तास मशीन द्या," मी म्हणालो. "काही तोडणार नाही."

सकाळी कॅफे रिकामा होता. प्लग काढला. घंटेकडे जाणाऱ्या तारांना मीटर लावला, जोडणी झाली की टी टी वाजणारा. मग ओरडाआरडा न करता, शिकवलं होतं तसं, पेटी सगळीकडून बोटानं ठोकत गेलो. मागून ठोकलं, गप्प. उजवीकडून, गप्प. पुढच्या डाव्या कोपऱ्याशी, पायाच्या जरा वर, नुसता गुडघा टेकला आणि मीटर ओरडला.

फळा उचलला. त्या कोपऱ्याच्या वर, रबरी कड्यामागे दोन पातळ पट्ट्या होत्या. गोळी कड्यावर आपटली की त्या एकमेकींना टेकतात आणि घंटा वाजते. दोघींत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट हवी. इथं केसाएवढी होती. आणि पट्टीवर पकडीचे ताजे ओरखडे. फ्रिजच्या थरथरीनं वाजणारा दोष खरा होता. तो कुणीतरी नेमका गुडघ्याच्या मापाचा करून घेतला होता. त्या दिवशी मी फळा उचलून धरला होता तेव्हा पट्ट्या पेटीपासून सुटल्या होत्या, मग वाजणार काय?

मी जाड कागदाचा एक कपटा त्या फटीत सरकवला, काच बसवली आणि प्लग परत लावला.

चार वाजता गर्दी जमली. साडूनं खेळ सुरू केला, गोळी तशीच ठेवली, डोळे मिटले.

"मालक, आलात का?"

शांतता.

"मालक?"

फ्रिज सुरू झाला, थरथरला. घंटा गप्प. साडूच्या कपाळावर घाम आला. त्याचा डावा खांदा हलू लागला.

"वर बघू नका," मी म्हणालो. या वेळी आवाज चढवला नाही. "सगळ्यांनी त्याच्या गुडघ्याकडे बघा."

गुडघा पेटीवर धडाधड आपटत होता. लोकांनी पाहिलं तसा तो थांबला.

मी काच काढली, कपटा ओढून सगळ्यांना दाखवला आणि काच परत ठेवली. "कागद घातला की आत्मा अडतो, काढला की येतो. केमिस्टसाहेब, तुम्ही या. इथं गुडघा लावा."

औषधदुकानदार पुढे आला. जाडजूड, लाजरा माणूस. गर्दीतल्या एका शाळेच्या बाईंनी गमतीनं विचारलं, "मालक, मी म्हैस आहे का?"

केमिस्टचा गुडघा टेकला. टण्ण!

हशा पिकला. केमिस्ट बिचारा लालबुंद. पण काकू हसल्या नाहीत. त्या चाचपडत पुढे आल्या, स्वतःचा गुडघा लावला. टण्ण. पुन्हा लावला. टण्ण.

"म्हणजे हे नव्हतेच," त्या म्हणाल्या.

हसणं थांबलं.

साडू माझ्याकडे न बघता पुटपुटला, "काकूंचं वाईट व्हावं असं नव्हतं मनात. त्यांनी विचारलं, सगळे बघत होते. काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं." मग हलक्या आवाजात म्हणाला, "तू मशीन उघडलंस की मशीन सुरू होतं. माझ्याकडे काय होतं?"

इतकी वर्षं मी एकटाच जळतोय असं समजत होतो.

डॉक्टरांकडे काकूंना मीच नेलं. डाव्या डोळ्याची बाहेरची कड गेली, ती येणार नाही. उरलेली नजर थेंबांवर टिकेल. परतताना काकू म्हणाल्या, "खोटं बोलला तो. पण रोज माझ्याशी बोलायचा. तुम्ही तीन आठवडे होतात, पेटीतून डोकं बाहेर काढलंत का?"

आता अधूनमधून त्यांच्याजवळ जाऊन बसतो, एवढंच.

लोक मला विचारतात, तुम्ही साडूच्या द्वेषानं हे केलंत ना? हो, केलं. पण मीटरला माझा द्वेष कळत नाही आणि साडूची माया कळत नाही. तो दोघांच्याही हातात तोच आवाज देतो, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. तुम्ही माझ्यावर ठेवू नका. उद्या कुठं घंटा आपोआप वाजली तर जरूर जा, गर्दीतही उभे राहा. फक्त हात जोडण्याआधी प्लग काढा, फळा उचला आणि आत कोणती पट्टी कशाला टेकतेय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.