सगळ्या चुका

बाईंनी उत्तरपत्रिका फिरवून त्याच्यासमोर सरकवली आणि कोपऱ्यातल्या शून्यावर बोट ठेवलं.

"एकही बरोबर नाही," त्या म्हणाल्या.

त्यानं कागद हातात घेतला. तो सोफे दुरुस्त करायचा. सकाळी फोमला लावलेला गोंद अंगठ्यावर राहिला होता, त्याला कागद चिकटला. सोडवताना कोपरा जरासा फाटला. शेजारी बसलेल्या मेहुणीनं 'च्यक्' केलं. ते फाटलेल्या कागदाला होतं की शून्याला, ते कळलं नाही.

"म्हणजे आता काढून टाकणार तिला?" त्यानं विचारलं. चेहऱ्यावर आशा दिसू नये म्हणून तो कागदाकडेच बघत राहिला.

शाळेतल्या जास्त हुशार मुलांसाठी हा शनिवारचा वर्ग होता. त्याची लेक टिकली तिसरीत होती. शनिवार आला की तिला बूट घालायला अर्धा तास लागायचा. "तिथल्या खिडक्या उघडत नाहीत, बाबा," एवढंच म्हणायची. "आईनं घातलंय ना तुला तिथं," असं तो म्हणाला की दुसरा बूट चढवायची.

"काढू कशाला?" बाई हसल्या. "अहो, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आहेत. काहीच न येणाऱ्या मुलानं डोळे मिटून खुणा केल्या तरी त्यातल्या काही बरोबर लागतातच. एकही बरोबर लागू द्यायची नसेल, तर आधी सगळी उत्तरं यावी लागतात."

"म्हणजे मुद्दाम केलं तिनं?" मेहुणीनं विचारलं.

"मुद्दामच. नापास व्हायचं होतं. पण काम अर्धवट सोडायची सवय नाही ना तिला."

"आईवर गेलीय," मेहुणी म्हणाली. तिला हसू आलं आणि लगेच नाकही ओढावं लागलं. "ताईनं चादर घातली की एक सुरकुती दिसायची नाही."

"खालच्या गटात कंटाळते, म्हणून हे उद्योग," बाई म्हणाल्या. "वरच्या गटात घालू. शनिवार पूर्ण दिवस आणि रविवारची सकाळ. इथं सही करा."

त्यानं पेन घेतलं. दाराच्या काचेतून बाहेरचं बाक दिसत होतं. टिकली दप्तर पाठीवर तसंच ठेवून अगदी कडेला बसली होती, केव्हाही उठता यावं अशी.

"करा ना सही, भावोजी. ताईची शेवटची इच्छा होती."

इच्छा. ती बोलली तेव्हा तो तिच्या पाठीशी उशी लावत होता. शनिवारी सकाळी दवाखान्यातून सुई टोचून घेऊन यायची आणि मग दुपार तिला जड जायची. "शनिवारी पोरीला कुठंतरी गुंतवा," ती म्हणाली होती. "ती घरात असली की मला कण्हता येत नाही." हा वर्ग त्यानं नंतर शोधला. चित्रकलेचा असता तरी चाललं असतं, पोहण्याचा असता तरी. हा सगळ्यात जास्त वेळ चालायचा, एवढंच. मेहुणीला हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. बहिणीची म्हणून तिच्याजवळ ही एकच गोष्ट उरली होती. ती कोणत्या तोंडानं काढून घ्यायची?

आणि तेवढंच असतं तरी बरं होतं. बायको गेल्यापासून शनिवारी पोरीला इथं सोडलं की तो दुकानात जाऊन दार आतून लावून घ्यायचा. आठवड्यातली तीच एक दुपार त्याची होती. आता रविवारची सकाळही मिळणार, हे ऐकून क्षणभर त्याला हायसं वाटलं होतं.

"घरी जाऊन करतो," तो म्हणाला आणि कागदाची घडी घातली.

"घरी काय, पेनात शाई जास्त येते?" मेहुणी म्हणाली. पण तो उठला होता. ती बाईंशी बोलत मागे राहिली.

जिन्यात टिकलीनं त्याचं बोट धरलं.

"काढलं मला?"

"वरच्या गटात घातलं."

ती थांबली. "पण मी सगळी चुकवली होती."

"तेच चुकलं. थोडी बरोबर यायला हवी होती."

तिनं ओठ चावत विचार केला. चूक कुठं झाली ते तिला पटलेलं दिसलं. दोघं चार पायऱ्या उतरले.

"बाबा, मी शनिवारी दुकानात बसले तर?"

"दुकानात काय करणार तू?"

"जुन्या सोफ्यांच्या चुका उपटेन." कापड धरून ठेवणाऱ्या बारीक खिळ्यांना त्याच्या धंद्यात चुका म्हणत. "मला येतात काढायला."

"तुझ्यासारख्या हुशार पोरीनं ते करायचं?"

"आईचं दुखायचं तेव्हा तुम्ही दोघं मला इथं पाठवायचात," ती कठड्यावरून बोट फिरवत म्हणाली. "आता तुझं दुखतं."

तो पायरीवरच थांबला.

"शनिवारी न्यायला येतोस तेव्हा तुझे डोळे सुजलेले असतात. मी तुझ्याकडे पाठ करून बसेन. चुका निघताना कर्रकर्र आवाज होतो, मला काही ऐकू येणार नाही. तू रड."

वर दार उघडल्याचा आवाज आला. मेहुणीच्या चपला जिना उतरू लागल्या. तो कठडा धरून उभाच होता. दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद होता.

"पक्कड जड आहे," तो म्हणाला.

"दोन्ही हातांनी धरेन."