कोयंडा गेलेली कडी

मी कडी बोलतेय. दाराच्या आतल्या बाजूची. जरा हळू बोलते, कारण खोलीत फोन चालू आहे.

बाहेरच्या कडीचा थाट वेगळा असतो. तिला कुलूप मिळतं, घरातले लोक निघताना तिला दोनदा ओढून बघतात. मला कोण विचारतं? पण माणूस खरा कसा असतो ते बाहेरच्या कडीला काय कळणार? दार लागल्यावरचा माणूस मी पाहते.

एका छोट्याशा कारखान्यात सळई तापवून, वाकवून मला घडवलं आणि कोयंड्याबरोबर एकाच पुडीत बांधलं. कोयंडा म्हणजे चौकटीवरचा तो लोखंडी वळसा, ज्यात मी जाऊन बसते. आम्ही दोघं मिळून एक वस्तू. दुकानदार आम्हाला सुटं विकतच नाही. ज्या सुतारानं आम्हाला या दारावर बसवलं, त्याला कुठे तरी जायची घाई होती. त्यानं कोयंडा केसभर वर बसवला. तेव्हापासून दार मुठीला धरून जरा वर उचललं तरच मी कोयंड्यात जाते. नुसती ओढाताण केली तर मी जात नाही. हट्टी म्हणा हवं तर.

ही खोली लेकीची होती. घर काका-काकूंचं. काका निवृत्त चष्मेवाले, काकू निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली, पण काकूंच्या हातातली छडी काही सुटली नाही. दिसत नसे इतकंच. घरात काय शिजायचं, खिडकी किती उघडायची, कुणी किती वाजता आंघोळ करायची, सगळं त्या ठरवत. काकांना मत विचारलं जायचं ते फक्त चहात साखर किती एवढ्यापुरतं, आणि तेही साखर घालून झाल्यावर.

दार उचलून मला लावायची युक्ती लेकीला लहानपणीच सापडली. ती माझ्या आड अभ्यास करायची, आरशासमोर नाचायची, कधी उशीत तोंड खुपसून रडायची. काकू बाहेरून बोलतच असायच्या. दार बंद असलं म्हणून बोलणं बंद ठेवायचं असतं हे त्यांना पटतच नसे.

मग एकदा लेकीला परगावच्या नोकरीचा फोन आला. ती न्हात होती. काकूंनी फोन उचलला आणि सांगून टाकलं, "ती येणार नाही. आम्हाला एकच मुलगी आहे." लेकीला हे कळलं दोन दिवसांनी, तिनं स्वतःहून तिकडे विचारलं तेव्हा. ती भांडली नाही. खोलीत आली, दार उचललं, मला लावलं आणि कपाट रिकामं करायला लागली. काकू बाहेर उभ्या राहून समजावत होत्या, रागावत होत्या, पुन्हा समजावत होत्या. सकाळी लेकीनं मला काढलं, बॅग उचलली आणि ती गेली. आता ती काकांना फोन करते. काकूंनी फोन घेतला की म्हणते, "बरी आहे," आणि ठेवते.

काकूंनी सगळा राग माझ्यावर काढला. दुसऱ्याच दिवशी काकांना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभं केलं. काकांनी कोयंडा काढला. मला काढायला गेले तर माझे स्क्रू गंजलेले. काका म्हणाले, "राहू दे हिला. कोयंड्याशिवाय ही काय करणार?" खरंच होतं ते. मी दारावर नुसती लोंबकळत राहिले. दार उघडलं की फळीवर आपटायचे, खळ्ळ. कोयंडा गेला काकूंच्या शिवणाच्या डब्यात, बटणं आणि रिळांच्या सोबतीला.

घर रिकामं रिकामं वाटतं म्हणून काकूंनी खोली भाड्यानं दिली. पहिली भाडेकरीण दोन महिन्यांत पळाली, दुसरी त्याहून लवकर. काकू म्हणायच्या, "हल्लीच्या मुलींना घरपण नकोच असतं."

मग ही आली. सावकाश बोलणारी, ऐकताना मान किंचित कलती करणारी. काकांनी तिचं नाव ठेवलं हळूबाई. तिचं काम फोनवरचं. ज्यांना मनातलं कुणाशी बोलता येत नाही असे लोक तिच्या संस्थेला फोन करतात, आणि ही दुपारभर खोलीत बसून त्यांचं ऐकते. कामाची पहिलीच अट, फोनवरचं तिसऱ्याच्या कानावर पडता कामा नये.

आणि इथे तर दाराला कोयंडाच नाही.

पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या, "अगदी घरच्यासारखी राहा हो." त्याचा अर्थ तिला लवकरच कळला. काकू मध्येच यायच्या, कपाटातली इस्त्री घ्यायला. मग इस्त्री ठेवायला. मग उशीचा अभ्रा बदलायला, आणि गादीवरून हात फिरवून म्हणायला, "ओल्या केसांनी झोपलीस ना?" एकदा ती बाहेर गेली असताना पलंगच फिरवून ठेवला. म्हणे उजेड डाव्या बाजूनं यायला हवा. खोलीतल्या तिच्या दुधाच्या पातेल्याचा वास घेऊन बघणं तर रोजचंच. मी दर वेळी खळ्ळ करून मुलीला सावध करायचे, पण माझा आवाज व्हायचा तोवर काकू आत आलेल्या असायच्या. मनात वाईट काही नव्हतं हो त्यांच्या. पण मायेनं घुसलं काय आणि रागानं घुसलं काय, आतल्या माणसाला दचकायला तेवढंच होतं.

हळूबाईनं आधी गोडीनं सांगितलं. "काकू, दुपारी माझं काम असतं. दार वाजवून याल का?"

"आमच्याच घरात आम्ही दार वाजवायचं?" काकू हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच दार वाजवलं, पण वाजवत वाजवतच आत आल्या.

मग तिनं दाराला खुर्ची लावून पाहिली. काकूंनी दार ढकललं, खुर्ची कोलमडली, वर काकूच म्हणाल्या, "बघ, पाय मोडला असता माझा." काका व्हरांड्यात रेडिओ ऐकत होते. त्यांनी आवाज वाढवला.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. काकू धुतलेल्या चादरी घेऊन दाराबाहेर आल्या होत्या. आत हळूबाई कानाला फोनचं यंत्र लावून बोलत होती. पलीकडचं माणूस ऐकू येत नव्हतं, हिचंच बोलणं तेवढं ऐकू येत होतं. "आईशी बोलावंसं वाटतं, पण भीती वाटते, असं ना? तिनं पुन्हा आपलंच खरं केलं तर? ... हं. ... घर सोडल्यापासून एकदाही नीट बोललाच नाहीत?"

दाराच्या फटीतून मला काकू दिसत होत्या. हातातल्या चादरी खाली पडल्या. पुढच्या क्षणी दार धाडकन उघडलं, मी फळीवर आपटले, आणि काकूंनी टेबलावरचा फोन हिसकावला.

"माझी मुलगी आहे ना? दे इकडे. अगं बोल ना, मी आई बोलतेय—"

पलीकडून फोन बंद झाला.

काकू फोन हातात धरून उभ्या राहिल्या. हळूबाईचा चेहरा पांढरा पडला होता. "काकू, ती तुमची मुलगी नव्हती," ती म्हणाली. "कुणाची तरी होती. तिला बोलायला किती दिवस लागले असतील, आणि आता ती परत फोन करेल की नाही, देव जाणे."

काकू खाली बसल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही. शिवणाचा डबा उघडून त्या कोयंड्याकडे बघत बसायच्या, असं काका कधीतरी बोलून गेले होते, ते मला आठवलं.

हळूबाईनं झाला प्रकार संस्थेतल्या तिच्या वरच्या बाईंना स्वतःहून सांगितला. बाईंनी सरळ सांगितलं, सोमवारपर्यंत आतून बंद होणारी खोली बघ, नाहीतर फोन घेणं थांबव. संध्याकाळी तिनं बॅग पलंगावर ठेवली आणि काका-काकूंना बोलावलं.

"मला हे काम सोडायचं नाही," ती म्हणाली. "आणि खरं सांगू, हे घरही सोडायचं नाही. काकू, तुमच्याशी भांडूनही मला इथे बरं वाटतं. पण मला कडी हवी. चालत नसेल तर मी उद्या जाते."

"या घरात कडी लागणार नाही," काकूंचा आवाज चिरकला. "एकदा लागली होती. कडी लावून बसली आणि सकाळी निघून गेली. माझं काही ऐकलं तरी का तिनं? कडी नसती तर मी आत गेले असते, थांबवलं असतं."

मग काका बोलले. या घरात माझं आयुष्य गेलं, पण काकूंचं म्हणणं तोंडावर खोडून काढणारे काका मी तेव्हाच पाहिले.

"कडीमुळे गेली नाही ती," ते म्हणाले. "कडी होती म्हणून एक रात्र तरी थांबली. तू आत गेली असतीस तर त्याच पावली गेली असती."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, संपलं. बॅग भरली जाणार, आणि मी पुढच्या भाडेकरणीची वाट बघत लोंबकळणार.

काकू आल्या त्या शिवणाचा डबा घेऊन. कोयंड्याला दोरा गुंडाळला गेला होता, तो त्यांनी दातानं तोडला. काकांच्या हातात कोयंडा दिला आणि म्हणाल्या, "जुन्याच भोकात बसवा. चौकट खराब करू नका." मुख्याध्यापिकाच त्या, सूचना दिल्याशिवाय राहवतंय का! पण बोलताना डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलं नाही.

इतक्या काळानं कोयंड्यात बसले तेव्हा मला काय वाटलं, ते एखाद्या दुसऱ्या कडीलाच कळेल.

लगेच सगळं सुधारलं असं नाही. सवय का एका दिवसात जाते? काकू दाराशी येतात, हात मुठीकडे जातो, मागे येतो, मग टकटक होते. कधी आतून "कामात आहे" असं उत्तर आलं तर बडबडत परत जातात. एकदा त्यांनी हळूबाईला विचारलं, "त्या मुलीनं केला का गं परत फोन?"

"ते मला सांगता येणार नाही, काकू."

"बरोबर," काकू म्हणाल्या, आणि पुढे काही विचारलं नाही.

आज दुपारी दार वाजलं. काकू बाहेरच थांबल्या होत्या. "जरा खोली देतेस? एक फोन करायचाय. दार लावून."

हळूबाईनं आपला कप उचलला आणि ती उठली.

"काय बोलू गं मी तिच्याशी?"

"आधी काहीच नका बोलू. तिला बोलू द्या."

"आणि ती नाहीच बोलली तर?"

"तरी थांबा."

काकूंनी दार लोटलं आणि मला ओढू लागल्या. मी कोयंड्यात जाईना. बाहेरून हळूबाईचा आवाज आला, "दार जरा वर उचला, काकू." त्यांनी उचललं, आणि मी कोयंड्यात बसले. आपल्याच घरात ही युक्ती त्यांना आज कळली. व्हरांड्यातला रेडिओ बंद झाला.

पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं. काकूंनी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.

पुढचं मी सांगणार नाही. माझ्या आड बोललेलं बाहेर जात नाही, तेवढ्यासाठीच तर मला घडवलंय. तुमच्या घरात कुणी दार लावून बसलं असेल तर एकदा वाजवा आणि थांबा, एवढीच माझी विनंती. आता जाते मी. फोन अजून चालू आहे, आणि मला लागून राहायचंय.