बाईंनी चूक ठरवलेलं उत्तर

एक्याऐंशीव्या वर्षी बाईंनी आपल्या धडक्या कोटाची बाही कात्रीने कापली आणि कोट पिशवीत घालून शिंप्याचं दुकान गाठलं. जायला काही निमित्त नको का? इतक्या वर्षांत निमित्ताशिवाय त्या दुकानाची पायरी चढायची हिंमत त्यांना झाली नव्हती.

बाई चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायच्या. काय दिवस होते ते! चर्चमागची खोली, खडूची धूळ, बाकांवर दाटीवाटीने बसलेली चाळीस पोरं. ‘चर्च म्हणजे काय?’ असं विचारायचा अवकाश, की ‘पोप, त्यांच्या हाताखाली बिशप, त्यांच्या हाताखाली फादर आणि त्यांच्या आज्ञेत राहणारे भाविक!’ असा गलका उठायचा. अजूनही तो आठवला की बाईंना भरून येतं.

एका वर्षी मात्र एक पोरगा म्हणाला, ‘चर्च म्हणजे आपण सगळे.’ बाईंनी तीनदा विचारलं, त्याने तीनदा तेच सांगितलं. पुस्तकाबाहेरचं ते चूक, असा बाईंचा खाक्या. त्यांनी पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे वेदीपाशी पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या विधीच्या, यादीतून त्याचं नाव काढलं. बाकीची मुलं पांढऱ्या कपड्यांत वेदीपाशी गेली आणि हा मागच्या बाकावर बसून राहिला.

चारच वर्षांनी नवं पुस्तक आलं. त्यात छापलं होतं, चर्च म्हणजे देवाची प्रजा, आपण सगळे. बाईंचे कान गरम झाले. पुढे निवृत्त होईपर्यंत दरवर्षी नेमका त्याच धड्याला त्यांचा घसा बसायचा आणि तो धडा दुसरं कुणीतरी घ्यायचं.

शिंप्याने चष्मा नाकावर ओढून बाही उलटी केली. त्याचेही केस आता पांढरे झाले होते.

“बाई, ही शिवण उसवलेली नाही. कुणीतरी कापलीय.”

“मीच कापली,” बाई म्हणाल्या. “तुझं उत्तर बरोबर होतं रे. मीच चुकले. तेवढं सांगायला आले.”

कुठलं उत्तर, हे त्याने विचारलंही नाही. सुईत दोरा ओवत तो म्हणाला, “ते माझं नव्हतंच, आजीचं होतं. तिच्या लहानपणी इथे चर्चची इमारत नव्हती, फादर वर्ष वर्ष फिरकायचे नाहीत. आठ-दहा घरची माणसं तिच्या आईच्या स्वयंपाकघरात प्रार्थनेला जमायची. त्यालाच ती चर्च म्हणायची.”

“मग खरी शिक्षिका तीच!”

शिंप्याचा हात थांबला. “यादीतून नाव गेलं त्या दिवशी मी घरी जाऊन तिच्यावर ओरडलो, बाई. म्हटलं, तुला काही कळत नाही. त्यानंतर तिने मला कधीच काही शिकवलं नाही. नवं पुस्तक यायच्या आदल्या वर्षी गेली.”

बाईंना बसवेना. माफी मागायला आपण भलत्याच माणसाकडे आलो, हे त्यांना कळून चुकलं.

“कुठे पुरलंय तिला? मी जाऊन येते.”

शिंप्याने दुकानाच्या किल्ल्या उचलल्या.

“थांबा, मीही येतो. मी तरी तिची माफी कुठे मागितलीय अजून?”