चिखलावरचं कुंपण

विमानतळ वाढणार, हे खारडोंगरीच्या बायकांना कुणी येऊन सांगितलं नाही. एका सोमवारी सकाळी ओहोटीला मैना आणि तिची जाऊ गोदू टोपल्या घेऊन खाडीवर गेल्या, तर चिखलाच्या कडेने लोखंडी खांब उभे होते. त्यांना हिरवी जाळी बांधलेली होती आणि मध्ये एक पाटी होती : 'हरित पट्टा. प्रवेश निषिद्ध.'

गोदूला वाचता येत नव्हतं. मैनाने पाटी वाचून दाखवली.

"म्हंजे काय?" गोदूने विचारलं.

"म्हंजे आत जायचं न्हाय."

खाडीपलीकडे विमानतळ होता. पहिली धावपट्टी झाली तेव्हा गावाची भातशेती तिच्याखाली गेली, मैनाच्या सासऱ्यांचीही गेली. पुरुष कंटेनरच्या गाड्यांवर लागले. बायकांकडे उरला तो हा चिखल. ओहोटी लागली की तिथे निवट्यांसारखे चिखलातले मासे, चिंबोऱ्या, खुब्याचे शिंपले मिळत. निम्म्या गावाचं कालवण त्यातूनच होई आणि उरलेलं उरणच्या बाजारात जाई. ही जागा कुणाच्या नावावर नव्हती, म्हणून ती सगळ्यांची आहे असं गाव धरून चाललं होतं.

जाळीपाशी निळ्या गणवेशात कुलदीप उभा होता. गावातलाच, दोन लेकरांचा बाप. गेल्या महिन्यात त्याला सुरक्षारक्षकाची नोकरी लागली होती.

"काकी, आत नका जाऊ," तो खाली बघत म्हणाला. "कोण आत गेलं तर फोटो काढून पाठवायला सांगितलाय."

"कुणी सांगितलं?"

"साहेबांनी. इथं तिवरं लावनार हायेत. विमानतळ मोठा होतोय ना, तर झाडं लावावी लागतात म्हने. शुक्रवारी शालेत सुनावनी हाय, तिथं बोला."

"सुनावनी शुक्रवारी, आनि कुंपन आजच?"

कुलदीप जाळीपुढून हलला नाही. मैना रिकामी टोपली घेऊन परतली. वाटेत गोदूने विचारलं, तेव्हा म्हणाली, "आदी शेत घेतलं तवा सांगितलं, देशासाटी. आता चिखल घेतात तर सांगतात, झाडांसाटी. आपल्यासाटी कवा कोन काय घेनार?"

मैनाच्या बहिणीची मुलगी प्रणाली बेलापूरला एका सल्लागार कंपनीत होती. विमानतळाच्या विस्ताराचा आराखडा तीच कंपनी करत होती. प्रणालीकडे प्रवाशांच्या बसमार्गांचं काम होतं. मावशीचा फोन आला तेव्हा तिला आधी कळेचना. तिने नकाशा उघडला. खाडीच्या कडेला हिरवा रंग भरलेला होता, त्यावर 'पट्टा चार' एवढंच लिहिलेलं. हा पट्टा म्हणजे लहानपणी मावशीबरोबर गुडघाभर उतरून आपण चिंबोऱ्या धरायचो तो चिखल, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी ती विनेशच्या टेबलापाशी गेली. प्रकल्प त्याच्या हाताखाली होता.

"सर, पट्टा चारवर माझ्या मावशीच्या गावातल्या बायका मासे धरतात. तिथे तिवरं लावली तर त्यांनी जायचं कुठे? आणि भरतीखालच्या उघड्या चिखलात ती तगत नाहीत, हे आपल्याच अहवालात आहे. जुनी मिठागरं पडीक आहेत, तिथे लावता येतील."

"मिठागरांवर पार्किंग येतंय," विनेश म्हणाला. "दुसरी मोकळी जागा नाही. आणि प्रणाली, आपण झाडं लावतोय. झाडांना विरोध कोण करतं?"

"मोकळी जागा ती नाहीच."

"सातबाऱ्यावर मोकळी आहे." त्याने लॅपटॉपकडे मान वळवली. "बरं झालं आलीस. बंगळूरहून मुख्य नियोजनकार येतायत, त्यांना मराठी येत नाही. शुक्रवारी दुभाषी म्हणून तू बस. गावात तुझं नातं आहे, लोकांना बरं वाटेल."

शुक्रवारी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पुढे सोफे, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, कडेला पोलीस. अध्यक्षस्थानी अलिबागहून आलेल्या अधिकारी बाई होत्या. बंगळूरचे साहेब पडद्यावर चित्रं दाखवू लागले आणि प्रणाली एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. नवी इमारत उन्हावर वीज करणार. बस विजेवर चालणार. छपरावरचं पाणी साठवणार. जुन्या मिठागरांवर गाड्यांचं पार्किंग होणार. विमानतळ दुप्पट होईल, पण निसर्गाचं काहीही नुकसान होणार नाही.

मग एक फोटो आला. चिखलात वाकलेली बाई, साडीचा काचा मारलेला, कमरेला टोपली. खाली लिहिलं होतं : 'हरित पट्ट्याच्या लाभार्थी.'

मांडवात कुजबुज झाली. फोटो मैनाचा होता. आता जाळीआड गेलेल्या चिखलातला, कुंपण घालायच्या आधीचा. कुणी, कधी काढला, ते तिला माहीतच नव्हतं.

मैना उठली. पोलिसाने तिला माइक दिला.

"ती मी हाय," ती म्हणाली. "माजा फोटो लावलाय, तर मला इचारलं का कुनी? लाभार्थी लिवलंय. माजा लाभ त्या चिखलात हाय आनि चिखलाला तुमी जाली मारलीय. सोमवारपासून माज्या घरात निवटी शिजली न्हाय. गाड्या लावायला तुमाला मिठागरं पायजेत आनि झाडं लावायला माजा चिखल पायजे. विमानं तुमची, गाड्या तुमच्या, झाडंपन तुमचीच. मंग आमी कुटं उभं ऱ्हायचं ते नकाशावर दाखवा."

ती थांबली. सगळे प्रणालीकडे बघत होते.

विनेश तिच्याकडे झुकला. "थोडक्यात सांग. स्थानिकांना उपजीविकेची काळजी वाटते, एवढं पुरे."

प्रणालीने माइक घट्ट धरला. ती इंग्रजीत सांगू लागली आणि काहीच गाळलं नाही. निवटी गाळली नाही, पार्किंग गाळलं नाही, फोटो विचारून काढला नव्हता हेही गाळलं नाही. शेवटचं वाक्य तर तिने दोनदा सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. ते हळूच विनेशला म्हणाले, "तिथे वापर नाही, असं तुम्हीच मला लिहून दिलं होतंत."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "सुनावणीआधी कुंपण कुणाच्या परवानगीने घातलं?"

"मॅडम, ते सर्वेक्षणापुरतं, तात्पुरतं आहे," विनेश म्हणाला.

"तात्पुरतं आहे, तर काढा."

"काढू. प्रक्रिया पूर्ण करून काढू."

प्रक्रिया काही पूर्ण होईना. सोमवार आला, बुधवार गेला, जाळी तशीच. प्रणालीला विस्ताराच्या कामातून काढून भिवंडीच्या गोदामांच्या नकाशांवर बसवलं. कारण विचारलं तर विनेश म्हणाला, "तू भावनिक झालीस." तिने त्याच आठवड्यात राजीनामा दिला. पट्टा चारविरुद्ध अध्यक्षबाईंकडे जाणाऱ्या लेखी हरकतीवर गावाबरोबर तिने स्वतःचीही सही केली.

मैनाने हरकतीच्या निकालाची वाट पाहिली नाही. पुढच्या उधाणानंतरच्या ओहोटीला ती पुढे आणि गावातल्या तीस-चाळीस बायका मागे, अशा त्या खाडीवर गेल्या. कुणी ओरडलं नाही. त्यांनी कोयत्याने जाळीच्या दोऱ्या कापल्या, जाळी नीट गुंडाळून कडेला ठेवली आणि आत उतरल्या.

कुलदीपने फोन हातात घेतला. "काकी, मला कलवावं लागंल. पोरांचं पोट हाय."

"कलव," मैना म्हणाली. "खरं ते सांग. नावं बी सांग."

त्याने कळवलं. पोलीस आले. बायकांना चिखलाच्या पायांनीच चौकीवर नेलं आणि अंधार पडेपर्यंत बसवून ठेवलं. गोदूने तिथल्या फरशीवर टोपली ठेवली, तर हवालदार वासाबद्दल कुरकुरला. मैना त्याला म्हणाली, "आमच्या जेवनाचा वास हाय, दादा. तुमी थोडं सोसा." बातमी उरणपासून अलिबागपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी जाळी पुन्हा बांधायला कुणी आलं नाही.

पावसाळ्यानंतर विस्ताराला मंजुरी मिळाली. पट्टा चार वगळला होता. तिवरं मिठागरांच्या अर्ध्या भागात लावायची आणि पार्किंग लहान करून दोन मजली करायचं, अशी अट होती. बायकांना चिखलावर जाता येणार होतं. मात्र कंपनीचा एक माणूस त्यासाठी गळ्यात घालायची ओळखपत्रं घेऊन गावात आला. त्यावर फोटो, नाव आणि खाली पुन्हा 'लाभार्थी'.

बऱ्याच जणींनी ती घेतली. उगाच कटकट नको, म्हणाल्या. गोदूनेही घेतलं. मैनाने हात पुढे केला नाही.

"मावशी, घेऊन ठेव," प्रणाली म्हणाली. ती त्या दिवशी गावातच होती. "आपण जिंकलोय ना."

"काय जिंकलो, बाय? आपल्या घरात शिरायला आपल्यालाच पास देतात. यांनी माफीबी मागितली न्हाय." मैनाने त्या माणसाने पुढे धरलेलं ओळखपत्र बाजूला सारलं. "तुमच्या साहेबाला सांगा, हा लाभार्थी सबुद काडून टाका. मंग बगू."

तो माणूस ओळखपत्र खिशात घालून निघून गेला. मैनाने पदर खोचला. पाणी उतरू लागलं होतं. तिने प्रणालीला विचारलं, "येतीस?" प्रणालीने चपला काढून हातात घेतल्या.