गप्प बसवलेला प्रोग्रॅम

माझ्या भाऊजींना आवाज सहन होत नाही, आणि धंदा मात्र त्यांनी असा निवडलाय की दिवसभर कानठळ्या बसाव्यात. चपलांच्या एका दुकानामागे दोन खोल्यांत त्यांचा ब्रेल छापखाना आहे. आतल्या खोलीत यंत्र जाड कागदावर ठिपके ठोकत असतं. बाहेरच्या खोलीत संगणक, कागदांचे गठ्ठे आणि भाऊजी. यंत्राचं त्यांना काही वाटत नाही. त्यांना चालत नाही ती माणसांची कुरबुर. घरात कुणाचा आवाज जरा चढला की हे "जाऊ दे, होईल सगळं नीट" म्हणत मध्ये येणार आणि चहा टाकणार. मी त्यांची मेहुणी, आणि राग कायम माझ्या नाकाच्या शेंड्यावर. त्यामुळे त्यांच्याकडे चहा फार होतो.

पुस्तकाचा मजकूर ब्रेलमध्ये बदलणारा प्रोग्रॅम मीच त्यांना लिहून दिला होता, कारण नोकरीतही मी हेच करते. सगळा काही मी स्वतः लिहिला नव्हता. तसा कुणीच लिहीत नाही. दुसऱ्यांनी तयार करून ठेवलेल्या लायब्ररीतून एकेका कामाचे सुटे तुकडे, म्हणजे मॉड्यूल्स, नावानं बोलवायचे आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, अशी आमची रीत. अंकांचं काम असंच एक मॉड्यूल करायचं. ब्रेलमध्ये अंकांना वेगळे ठिपके नसतात. काही अक्षरांचेच ठिपके अंक म्हणून वापरतात, फक्त आधी एक खूण छापतात. ती खूण बोटाला लागली की वाचणाऱ्याला कळतं, आता अंक येतोय.

माझ्या ताईचे, भाऊजींच्या बायकोचे, डोळे गेले तेव्हा ती चाळिशीला आली होती. त्याआधी ती फार्मासिस्ट होती, अगदी घाणेरडं अक्षर असलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही तिला वाचता यायच्या. त्या वयात ब्रेल शिकायचं म्हणजे बोटांना पुन्हा पहिलीत बसवायचं. ती बसली. गोष्टींची पुस्तकं वाचायला लागली, आणि मग एक दिवस म्हणाली, मी फिजिओथेरपी शिकणार, माझे हात अजून चांगले आहेत. त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेत गणिताचा पेपर होता. ऐकून अभ्यास करायचा प्रयत्न तिने केला, पण कंस कुठे उघडला ते लक्षात ठेवेपर्यंत तो बंद झालेला असायचा. म्हणून भाऊजींनी बीजगणिताचं पुस्तक तिच्यासाठी ब्रेलमध्ये छापलं. छापखान्यात प्रूफं वाचणारे गुरुजी तेव्हा रजेवर होते, आणि ताईला तर पुस्तक कधी हातात येतंय असं झालं होतं.

त्या रविवारी मी गेले तर पुस्तक कपाटावर ठेवलेलं, आणि ताई मटार सोलत बसलेली.

"आज अभ्यास नाही?" मी विचारलं.

"उद्या परीक्षेच्या ऑफिसला फोन करून कळवणार आहे, मी बसत नाही."

"का?"

"माझी बोटं बाद आहेत गं. अंक लागतच नाहीत मला. सगळी अक्षरंच लागतात. इतके दिवस तेच करतेय, एक गणित धड वाचता येत नाही. नाटकं पुरे झाली आता."

ती रडत नव्हती, चिडतही नव्हती. ताई चिडली की मला काळजी नसते. ती अशी शहाण्यासारखी बोलायला लागली की समजायचं, हिने हाय खाल्ली.

"गोष्टींची पुस्तकं वाचतेस की घडाघडा."

"त्यात अक्षरंच असतात. आणि पुस्तक चांगलं आहे, त्याला नावं ठेवू नकोस. तुझे भाऊजी रात्रंदिवस राबले त्याच्यावर. पानांचे नंबरसुद्धा मला अक्षरंच लागतात, तिथे पुस्तक काय करणार?"

मी कपाटावरून पुस्तक काढलं. माझी बोटं ब्रेल वाचत नाहीत, पण डोळ्यांना ठिपके ओळखता येतात. पहिल्या पानाचा कोपरा पाहिला, मग दुसऱ्याचा, मग मधलंच एक पान उघडलं. अंकाची खूण कुठेही नव्हती. अख्ख्या पुस्तकात एकही अंक छापलेला नव्हता. बीजगणितात अक्षरं असायचीच, त्यामुळे बिचारीला पुस्तकाचा संशय आला नाही. तिला स्वतःचाच आला.

"ताई, ऊठ. छापखान्यात चल."

"कशाला?"

"तुझी बोटं बरोबर वाचतायत. इथे अक्षरंच छापलीयत."

ताईने मटारचं भांडं बाजूला सारलं आणि चपला शोधायला लागली. वाटभर तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की हात बधिर झाला.

भाऊजी कागदांचे गठ्ठे रचत होते. आम्हा दोघींना एकदम पाहून ते आधी चहाच्या किटलीकडे वळले.

"चहा नको," मी म्हटलं. "मला सांगा, पुस्तक करताना प्रोग्रॅम काही बोलला होता का?"

"बोलला होता की. संगणक अपडेट झाला तेव्हापासून रोज लाल अक्षरांत तेच. या नावाचं मॉड्यूल सापडत नाही म्हणायचा आणि तिथेच बसायचा."

"मग मला का नाही विचारलंत?"

"तू ओरडतेस. मग मी इंटरनेटवर शोधलं. एका भल्या माणसाने चार ओळी दिल्या होत्या, त्या टाकल्या आणि लाल अक्षरं थांबली."

मी त्या चार ओळी उघडून पाहिल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा अर्थ सरळ होता: हे मॉड्यूल बोलावून बघ, सापडलं नाही तर काही न बोलता पुढे चल. प्रोग्रॅमने सांगितलं तसं केलं. अंकांचं काम करणारं कुणी आलं नाही, तर खूण न लावताच तो पुढे गेला, शेवटच्या पानापर्यंत.

"भाऊजी, तुम्ही त्याचं तोंड बांधलंत."

"अगं, पण चालायला तर लागला ना तो."

"चालायला लागला आणि सगळे अंक खाऊन बसला. तो ओरडत होता ते बरं होतं."

"मीही सांगत होते," ताई दारातूनच म्हणाली. "रोज सांगत होते तुला, मला अंक लागत नाहीत. तू म्हणायचास, होईल सवय."

भाऊजी हातातला गठ्ठा कुठे ठेवावा ते न कळून तसेच उभे राहिले. "मला वाटलं, मी धीर देतोय," ते म्हणाले. मला बोलायचं खूप होतं, पण त्यांचा चेहरा पाहून गिळलं. बाकीचं त्या दोघांचं त्यांनी बघायचं.

मी त्या चार ओळी काढून टाकल्या. लगेच लाल अक्षरं आली आणि भाऊजी दचकले. मला मात्र बरं वाटलं. कुठे दुखतंय ते सांगणाऱ्या रोग्याला औषध देता येतं. लायब्ररी करणाऱ्यांनी नव्या आवृत्तीसोबत काय बदललं त्याची टिपणं दिली होती. मी ती वाचली तेव्हा कळलं, अंकांचं मॉड्यूल कुठे गेलं नव्हतं, त्याचं नाव बदललं होतं. आम्ही जुन्या नावाने हाका मारत बसलो होतो. मी नवं नाव घातलं. पुन्हा लाल अक्षरं. आता मॉड्यूल सापडलं होतं, पण मला हवं ते काम त्यातून काढून शेजारच्या मॉड्यूलमध्ये हलवलेलं होतं. तेही घातलं. पुन्हा लाल.

"सोड आता, उद्या बघू," भाऊजी हळूच म्हणाले.

"तिला बघू दे," ताई म्हणाली.

पान क्रमांक घालणाऱ्या फाइलमध्ये जुनं नाव अजून शिल्लक होतं. ते बदललं, पुन्हा चालवलं, आणि प्रोग्रॅम पुरता चालून थांबला. या वेळी त्याला कुणी गप्प केलं नव्हतं. त्याच्याकडे तक्रारच उरली नव्हती.

भाऊजींनी यंत्र सुरू केलं. एक पान ठोकून बाहेर आलं. त्यांनी ते ताईच्या हातात दिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. ती बसली, पान मांडीवर घेतलं आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे पाहत होतो आणि तिला ते दिसत नव्हतं, हे त्या क्षणी बरंच होतं.

बोट सावकाश सरकलं, थांबलं, मागे आलं, परत गेलं. मग पानाच्या तळाशी गेलं, जिथे उत्तरं होती.

"हे चुकलंय," ताई म्हणाली.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पानावर वाकले.

"काय चुकलंय?"

"उत्तर. नऊ यायला हवं. यांनी सतरा दिलंय."

"गणित वाच बरं मोठ्याने."

"तीन, कंसात क्ष उणे चार, कंस बंद, बरोबर दोन क्ष अधिक पाच."

मी छापील पुस्तक उघडून बोट ठेवत गेले. तीन, चार, दोन, पाच, सगळं जिथल्या तिथे. उत्तर सतरा, तेही बरोबर. मी दोनदा सोडवून पाहिलं.

"ताई, उत्तर सतराच आहे. कंसाबाहेरच्या तीनने चारलाही गुणायचं ना. तू नुसतं क्षला गुणलंस."

तिचे ओठ हलत होते, मनातल्या मनात गुणत असावी.

"म्हणजे वाचलं मी बरोबर?"

"अगदी बरोबर."

"आणि गणित चुकलं?"

"साफ चुकलं."

ताई हसायला लागली. इतकी हसली की पान मांडीवरून घसरलं आणि भाऊजींनी ते खाली पडायच्या आत झेललं. तिने हात पुढे केला आणि पान परत मागितलं.

"मला नुसतं गणितच येत नाही," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "एवढंच ना? मग ते शिकता येतं गं."