स्टिअरिंगवरचं बोट

ओरेस्ट बाब्यूकनं सतरा वर्षं आयनर टोलेफसनच्या नावानं बोटं मोडली, आणि अखेर सप्टेंबरातल्या एका सोमवारी त्याचं स्वतःचंच बोट मोडलं. पिकअपचा मागचा फाळका लावताना उजव्या हाताची तर्जनी मध्ये सापडली. देव आहे आणि त्याला विनोदही कळतो, असं त्याची बायको वर्ना म्हणाली. अर्थात हे तिनं बोटावर बर्फ ठेवून झाल्यावर म्हटलं, आधी नाही.

केल्बी गावात दवाखाना फक्त मंगळवारी आणि गुरुवारी उघडतो, त्यामुळे सोमवारी मोडलेल्या बोटाला थांबावं लागलं. हा दवाखाना जुन्या बँकेत आहे. बँक गावातून गेली तेव्हा तिजोरी उचलणं कुणाच्या बापाला जमलं नाही, म्हणून आता गावातली सगळी बँडेजं आणि खोकल्याची औषधं वीतभर जाडीच्या पोलादी दारामागे सुरक्षित असतात. नर्स कॉलीननं ते दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं, आतून एक चकचकीत अॅल्युमिनियमची पट्टी काढली आणि ओरेस्टचं बोट तिच्यावर सरळ ताठ बांधून टाकलं.

"सहा आठवडे हे वाकता कामा नये," ती म्हणाली. "वाकलं तर जन्मभर वाकडंच राहील."

ओरेस्ट म्हणाला, सुगी तोंडावर आहे. ती म्हणाली, उरलेली नऊ आहेत ना, ती वापरा.

खरा घोळ त्याच्या लक्षात आला तो घरी परतताना. खडीच्या रस्त्यावर समोरून शाळेची बस आली. ओरेस्टनं काही केलं नाही, पण स्टिअरिंगवर त्याचं बोट आपलं उभंच होतं. बसवाल्यानंही बोट उचललं आणि बस धूळ उडवत निघून गेली. केल्बीच्या रस्त्यांवर ही रीतच आहे. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न हलवता तर्जनी तेवढी वर करायची, मग ओळख असो वा नसो. अख्खा हात हलवणं म्हणजे शहरी आगाऊपणा, आणि बोट न उचलणं म्हणजे तोंडावर थुंकणं. मयताला निघालेला माणूससुद्धा बोट उचलतो.

सतरा वर्षांत ओरेस्टनं एकाच माणसासाठी बोट उचललं नव्हतं. आयनरचा निळा ट्रक दिसला की तो दोन्ही मुठींनी स्टिअरिंग आवळायचा आणि बाजूच्या शेतातला दुसऱ्याचाच गहू निरखायचा. आयनरही काही कमी नव्हता. तो काचेवरची उन्हाची झडप खाली ओढायचा, आभाळ भरून आलेलं असलं तरी.

एकेकाळी हे दोघं जिवाभावाचे होते. गावच्या बर्फाच्या मैदानावर वीस हिवाळे एकाच संघातून कर्लिंग, म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवायचा खेळ, खेळले. ओरेस्ट दगड सोडायचा आणि आयनर त्याच्यापुढे धावत बर्फावर झाडू मारायचा. आयनरनं झाडू मारला की दगड जणू त्याचं ऐकायचा. मग गावाला पंचाहत्तर वर्षं झाली, गावानं स्वतःचा इतिहास छापायचं ठरवलं आणि संपादक म्हणून आयनरला बसवलं. तिथंच माशी शिंकली.

पुस्तकाच्या दोनशे अकराव्या पानावर जुन्या जत्रेचा फोटो आहे. त्यात ओरेस्टचा बाप हॅरी आणि त्याचा बक्षीसपात्र डुक्कर ड्यूक शेजारी शेजारी उभे आहेत. डावीकडे हॅरी, उजवीकडे ड्यूक. खाली मात्र छापलं होतं: 'डावीकडे ड्यूक, वजन सातशे पौंड, सलग तीन वर्षं पहिला नंबर, याची एकशे चाळीस पिल्लं आजही आसपासच्या गावांत नांदत आहेत. उजवीकडे हॅरी बाब्यूक.'

प्रकाशनाच्या दिवशी भरल्या हॉलमध्ये ओरेस्टच्या म्हाताऱ्या आईनं चष्मा लावून हे दोनदा वाचलं. हॅरी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तिनं पुस्तक मिटलं आणि शांतपणे विचारलं, "कोणकोणत्या गावांत?"

हॉल हसून लोळला. ओरेस्ट मात्र लाल झाला. चूक कबूल कर, म्हणून तो आयनरच्या मागे लागला. आयनर पडला संपादक. तो म्हणाला, चूक नाहीच मुळी. फोटोत उभ्या असलेल्याच्या बाजूनं बघितलं तर डावं-उजवं बरोबर आहे. ओरेस्टनं विचारलं, कुणाच्या बाजूनं, डुकराच्या? त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

भोग मात्र गावाला भोगावे लागले. सुगीनंतर हॉलमध्ये टर्कीचं गावजेवण होतं, ते या दोघांपायी सतरा वर्षं दोन पंगतींत व्हायचं. पहिल्या पंगतीत एक, दुसऱ्या पंगतीत दुसरा, दरवर्षी आलटून पालटून. दुसऱ्या पंगतीला नेहमीच कोबीच्या पानात भात-खिमा गुंडाळलेले होलुब्त्सी संपलेले असायचे. एकशे त्रेचाळीस माणसांच्या गावात त्यावरून अर्ध्या लोकांचं तोंड कायम वाकडं.

आणि आता सुगी सुरू झाली होती. धान्याचं कोठार, ज्याला इथं एलिव्हेटर म्हणतात, एकच उरलेलं, तिकडे जाणारा रस्ताही एकच. गहू ओतायला दिवसातून चार खेपा ओरेस्टच्या आणि चार आयनरच्या. पहिल्याच खेपेला निळा ट्रक समोर आला. ओरेस्टनं मुठी आवळल्या, मान फिरवली, शेत निरखलं. बोट मात्र दिमाखात उभं राहिलं. आरशात त्याला दिसलं की निळा ट्रक रस्त्यावर दारू प्यायल्यासारखा डुलतोय.

दुसऱ्या खेपेला त्यानं हात मांडीखाली दडपला, तर गिअर टाकता येईना आणि ट्रक चढावर मागे मागे सरकू लागला. तिसऱ्या खेपेला लोकरी हातमोजा चढवला. तीस डिग्रीच्या उन्हात लाल मोज्यातलं ते बोट आणखीच लांबून दिसू लागलं. चौथ्या खेपेआधी तो वर्नापुढे रडकुंडीला आला. ती पिठात हात घालून बसली होती. म्हणाली, "टोपी अडकव त्याच्यावर."

त्याला ते पटलं. त्यानं टोपी बोटावर अडकवली आणि निघाला. निळा ट्रक अगदी जवळ आल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की डोक्यावरची टोपी काढून वर धरलेला माणूस जसा दिसेल तसाच आपण दिसतोय. इतका मान केल्बीत फक्त प्रेतयात्रेला देतात. आयनर खड्ड्यात जाता जाता वाचला.

दुसऱ्या दिवशी आयनरनं बोट उचललं. आधी अर्धवट, जणू नाकावरची माशी हाकलावी तसं. तिसऱ्या दिवशी पुरतं. आठवडा संपला तेव्हा दोन बोटं वर होती आणि काचेवरची झडप कायमची वर गेलेली.

एव्हाना ओरेस्टच्या पट्टीची गोष्ट अख्ख्या गावाला माहीत होती. केल्बीत कुणाच्या कोंबडीनं दोन बलकांचं अंडं दिलं तर तासाभरात पोस्टात चर्चा होते. पण आयनरच्या कानावर ही गोष्ट घालायची नाही, हे न ठरवताच ठरलं. तो कॅफेत शिरला की सगळे एकदम हवामानावर बोलू लागायचे. गावाच्या इतिहासात इतकी माणसं इतके दिवस गप्प बसल्याची दुसरी नोंद नाही. सगळ्यांना होलुब्त्सी हवे होते.

चौथ्या आठवड्यात वर्ना पोस्टातून आली ती खुर्चीत बसून हसायलाच लागली. तिला बोलता येईना. मग डोळे पुसत तिनं सांगितलं, की आयनर शाईचं पेन आणि फूटपट्टी घेऊन घरोघर फिरतोय. दार वाजवतो, पुस्तक मागतो, दोनशे अकरावं पान काढतो, 'डावीकडे'चं 'उजवीकडे' आणि 'उजवीकडे'चं 'डावीकडे' करतो, खाली सही करतो आणि जातो. कुणी बसायला सांगितलं तरी बसत नाही. पन्नास घरं झाली, आता वाचनालयातली प्रत तेवढी राहिली.

"आणि आपली," ती म्हणाली.

ओरेस्टला हसू आलं नाही. त्याला गलबलून आलं. आयनर टोलेफसन स्वतःच्या हातानं स्वतःची चूक खोडतोय, दारोदार जाऊन, आणि तेही एका अॅल्युमिनियमच्या पट्टीला भुलून. वर्ना म्हणाली, जाऊन खरं काय ते सांगून टाक. तो म्हणाला, सांगतो. पण गेला नाही. त्याचं एक कारण होतं, आणि ते त्यानं वर्नालासुद्धा सांगितलं नव्हतं. मध्ये एकदा दोन दिवस निळा ट्रक दिसला नाही, तेव्हा त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं. तो विनाकारण पाचवी खेप मारून आला होता, निम्माच ट्रक भरून.

मग हॉलच्या दारावर कागद लागला. यंदाचं जेवण एकाच पंगतीत होईल. ओरेस्टनं तो वाचला आणि उरलेल्या बोटांवर दिवस मोजले. शनिवारी जेवण, आणि त्याआधीच्या मंगळवारी पट्टी निघणार. पट्टी असेपर्यंत बोट पट्टीचं होतं. पट्टी निघाल्यावर ते त्याचं होणार होतं.

मंगळवारी सकाळी दवाखान्यात जाताना त्यानं मनाशी पक्कं केलं. निघाली की निघाली. आता स्वतः उचलायचं. आयुष्यात पहिल्यांदाच आयनरसाठी बोट उचलायचं असल्यासारखी त्यानं वाटेत डाव्या हातानं दोनदा तालीमही केली. कॉलीननं पट्टी सोडली. बोट शिजलेल्या शेंगेसारखं हळूच खाली पडलं.

"उचला बघू," ती म्हणाली.

ओरेस्टनं दातओठ खाल्ले, कपाळावर शीर उभी राहिली. बोट काही उभं राहिलं नाही. कॉलीन म्हणाली, इतके दिवस बांधलेलं होतं, महिनाभर तरी त्यात जीव येणार नाही. रोज कोमट पाण्यात धरा. ओरेस्टनं विचारलं, पट्टी परत बांधता येईल का. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो टोपी घेऊन निघाला.

गव्हाची शेवटची खेप त्याच दुपारी होती. एलिव्हेटर दोन मैलांवर असताना समोर धुळीचा लोट दिसला आणि लोटातून निळा ट्रक निघाला. आयनरची दोन बोटं लांबूनच वर झाली होती. ओरेस्टनं बोट उचललं. म्हणजे मनानं उचललं. बोट स्टिअरिंगवर मेल्यासारखं पडून राहिलं. ट्रक जवळ येत होता आणि आयनरला काय दिसणार ते ओरेस्टला स्पष्ट दिसत होतं. सहा आठवडे मान दिला, शेवटचं पुस्तक दुरुस्त होण्याआधी काढून घेतला. त्यानं डाव्या हाताचं बोट उचललं, ते पुरेसं वाटेना, मग अख्खा डावा हात उचलला, मग उजवाही. दोन्ही हात डोक्यावर नेऊन तो जोरजोरात हलवू लागला.

स्टिअरिंग धरायला कुणीच उरलं नाही. ट्रक सावकाश, काही घाई नसल्यासारखा, खड्ड्यात उतरला आणि आडवा झाला. तीनशे बुशेल गहू गवतावर पसरला.

आयनर ट्रक थांबवून उतरला. त्यानं ट्रककडे पाहिलं, गव्हाकडे पाहिलं आणि खिडकीतून वर निघणाऱ्या ओरेस्टला काखेत धरून बाहेर ओढलं. सतरा वर्षांनी त्याचं पहिलं वाक्य आलं.

"दोन्ही हात, लेका? शहरातून आलास का?"

ओरेस्टच्या कॉलरमध्ये गहू होता, तोंडातही होता. तो थुंकून त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं. बोट उचललेलं नव्हतंच, मोडलेलं होतं. टोपीची अक्कल वर्नाची. सहा आठवड्यांत आपण काहीच उचललं नाही. आज पहिल्यांदा उचलत होतो, आणि आजच ते उठेना. वाटलं तर पुस्तकं परत खोडून टाक.

आयनर सगळं ऐकून घेत एकेक दाणा त्याच्या खांद्यावरून झटकत होता.

"पट्टी पहिल्याच दिवशी दिसली मला," तो म्हणाला. "उन्हात अर्ध्या मैलावरून चमकत होती. मला वाटलं, विमान उतरतंय."

ओरेस्टनं विचारलं, "मग तू का बोट उचललंस?"

"माझं कुठं मोडलं होतं?"

ओरेस्टनं रुमाल काढला आणि नाक पुसलं. धुळीचं निमित्त होतंच.

मग साखळी आणि ट्रॅक्टर आणायला दोघं निळ्या ट्रकमध्ये बसले. आयनरचा ट्रक आतून तसाच होता, पायांशी झाडूसुद्धा तोच. वाटेत समोरून शाळेची बस आली. ओरेस्टनं सवयीनं मांडीवरचं बोट हलवून पाहिलं. ते हललं नाही. आयनरनं स्टिअरिंगवरून दोन बोटं वर केली.

"बसवाल्याला दोन कशाला?" ओरेस्टनं विचारलं.

"एक तुझं," आयनर म्हणाला.