माझ्यावर निकेल टिकेना

मी एक जुना पोलादी साचा आहे. औषधांच्या बाटल्यांची रबरी बुचं माझ्या पोटात घडतात, एका वेळी चांगली चोवीस! पण मित्रांनो, माझी एक खोड होती. गरम रबर मी काही केल्या सोडायचो नाही. प्रेसवाले काका एकेक बूच उपटताना बोटं भाजून घ्यायचे आणि म्हणायचे, "सोड की रे बाबा, का जीव घेतोस?" मला फार वाईट वाटायचं.

शेवटी त्यांनी मला प्लेटिंगच्या कारखान्यात पाठवलं. तिथे एक ताई आणि तिची आई, दोघीच सगळं बघत. माझ्यावर निकेलचा थर चढणार होता आणि त्यात टेफ्लॉनचे बारीक कण असणार होते. न चिकटणाऱ्या तव्याला असतं ना, तेच टेफ्लॉन. मला एका गरम, हिरव्या पाण्यात सोडलं. विजेची तार नाही, काही नाही, नुसतं बसायचं, आणि अंगावर धातू चढत जातो! अबब! इतकी वर्षं लोखंडात काढली, पण असं नवल मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईने माझ्यावर चिकटपट्टी दाबली आणि खसकन ओढली. नवा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून आला.

"नीट साफ झाला नसेल," असं म्हणून ताईने तो थर उतरवला आणि मला आम्लात पहिल्या वेळेपेक्षा दुप्पट वेळ बुडवून ठेवलं. पुन्हा निकेल चढवलं. पुन्हा ते सोललं गेलं, वर पांढरी भुकटीही बोटाला लागली. तोही थर उतरवून ताईने माझी मापं घेतली आणि तिचा चेहरा पडला.

"आई, आता एकदाच. दरवेळी थर उतरवताना पोलाद झिजतंय. अजून झिजलं तर बुचं मापात येणार नाहीत. मग हा भंगारात."

भंगार म्हणजे भट्टी, मित्रांनो. माझी तर पाचावर धारण बसली.

आईने एक पांढरं फडकं माझ्यावर फिरवलं. ते काळंकुट्ट झालं.

"बघितलंस? तू घाण निघावी म्हणून आम्लात ठेवतेस आणि आम्ल पोलाद खाऊन आतली काजळी वर आणतंय. काजळीवर निकेल बसेल कसं?"

"पण पहिल्यांदा तर मिनिटभरच बुडवला होता गं!"

मग आईने प्रेसवाल्या काकांनाच फोन लावला. "भाऊ, साच्यावर काय मारून पाठवलंत?"

काका ओशाळले. "सिलिकॉनचा तेलकट फवारा, मावशी. वाटेत गंजू नये म्हणून जरा सढळ हातानेच मारला."

मायेने मारलेला तो फवाराच नडला होता! त्या दोघींनी तो खास द्रावणाने काढला. आम्लात मला जेमतेम बुडवलं, काजळी पुसली आणि अंगावर पाणी ओतलं. पाणी अखंड पसरलं, कुठेच फुटलं नाही. "तेलकट असता तर थेंब थेंब झाले असते," आई म्हणाली. मग आधी साधं निकेल, त्यावर टेफ्लॉनवालं. मागच्या खेपेला टाकीतलं हिरवं पाणी जोरात ढवळल्यामुळे टेफ्लॉनच्या कणांच्या गुठळ्या झाल्या होत्या, भुकटी त्यांचीच होती. या खेपेला ताईने ते पाणी गाळून घेतलं, हलकेच ढवळलं आणि मला खळखळून धुतलं.

आणि काय सांगू! मघाशी अंगभर पसरलेलं पाणी आता माझ्यावरून टपाटप घरंगळून गेलं. माणसाच्या हातांची ही करामत बघून मी थक्क झालो.

ताईने चिकटपट्टी दाबली. मग ती खसकन ओढली. पट्टी उजेडात धरून ती ओरडली, "आई, कोरी आहे गं!" आणि तिथेच स्टुलावर बसून रडायला लागली.

आता माझी बुचं नुसतं तिरकं केलं तरी बाहेर पडतात. काका रोज कौतुक करतात. पण मित्रांनो, हा थर केसाहूनही पातळ आहे. मला मऊ कापडाने पुसा, तारेच्या ब्रशने घासू नका. हाही गेला, तर पुन्हा चढवायला माझ्यापाशी झिजण्याजोगं पोलाद उरलेलं नाही.